हॅरी लाइमचं व्हिएन्ना

व्हिएन्नाला गेलेला माणूस आधी काय बघतो? कुणी मोझार्टचं घर बघतो, कुणी राजवाडे बघतो, तर कुणी ऑपेराचं तिकीट मिळतंय का याच्या मागे लागतो. आम्ही मात्र सामान हॉटेलात टाकलं आणि सगळ्यात आधी बघायला गेलो तो एक बंद दरवाजा! श्रायफोगेलगास्से नावाची एक चिमुकली गल्ली आहे, मोल्कर बास्टाय या जुन्या तटाला लागून. तिथलं आठ नंबरचं घर. भलं थोरलं दार, दगडी चौकट आणि सावलीत बुडालेला उंबरा. बस्स, एवढंच.

हे म्हणाले, "एवढं भाडं खर्चून आलो, ते हे दार बघायला?"

चिरंजीवांना काही ऐकू येत नव्हतं. ते त्या उंबऱ्यात भिंतीला टेकून, मान किंचित तिरकी करून उभे होते आणि "आई, फोटो काढ ना लवकर" म्हणून घाई करत होते.

मुलगा म्युनिकला नोकरीला. २०१८च्या सप्टेंबरात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. तिथून व्हिएन्ना आगगाडीने जेमतेम चार तासांवर, तेव्हा चार दिवस जाऊन यायचं ठरलं. कार्यक्रम आखायचं काम त्याच्याकडे होतं आणि त्याने तो आखला एका जुन्या इंग्रजी चित्रपटाच्या पावलावर पाऊल टाकून. १९४९चा 'द थर्ड मॅन'. त्याच्या खोलीत पलंगासमोरच्या भिंतीवर त्यातलंच चित्र लावलेलं आहे. काळोखातून उजेडात आलेला एक गोलसर चेहरा, डोक्यावर काळी हॅट, एक भुवई वर आणि ओठांच्या कोपऱ्यात चोरटं हसू. हा हॅरी लाइम. व्हिएन्नातल्या काळ्या बाजाराचा म्होरक्या. आपल्याकडे 'शोले'तले ठाकूर आणि जय-वीरू बाजूला राहतात आणि पोरंसोरं नक्कल करतात ती गब्बरसिंगाची. तसंच या लाइमचं. नायकाचं नाव फारसं कुणाला आठवत नाही, लाइमचं हसू मात्र सगळ्यांना आठवतं.

मी तो चित्रपट फार पूर्वी पाहिला होता, पण अर्धाच. अर्धाच का, ते पुढे सांगते.

चार मालकांचं शहर

आजचं व्हिएन्ना इतकं टापटिपीचं, की इथे कधी काळी दगडविटांचे ढिगारे होते हे सांगून खरं वाटत नाही. १९४५च्या मार्चमध्ये बॉम्बहल्ल्यात इथलं जगप्रसिद्ध ऑपेरा हाउस जळालं. युद्ध संपलं आणि जिंकलेल्या चौघांनी शहर वाटून घेतलं. एक तुकडा अमेरिकेचा, एक ब्रिटनचा, एक फ्रान्सचा, एक रशियाचा. मधला जुना भाग चौघांच्या सामायिक ताब्यात, भाऊबंदकीतल्या विहिरीसारखा! तिथे गस्तीच्या एकाच जीपमध्ये चार देशांचे चार शिपाई बसत. १५ मे १९५५ रोजी इथल्या बेल्व्हेडेअर राजवाड्यात करार झाला, त्यानंतर सैन्यं परत गेली आणि ऑस्ट्रिया पुन्हा स्वतंत्र झाला. म्हणजे दहा वर्षं हे शहर चार मालकांचं होतं.

अशा शहरात दोन धंदे तेजीत असतात. एक हेरगिरीचा आणि दुसरा काळ्या बाजाराचा. ग्रॅहॅम ग्रीन हा इंग्रज लेखक १९४८च्या फेब्रुवारीत इथे आला तो गोष्टीच्या शोधात. युद्धकाळात तो स्वतः ब्रिटिश गुप्तहेर खात्यात होता. त्याच्याजवळ गोष्टीची फक्त सुरुवात होती, एका पाकिटाच्या झाकणावर खरडून ठेवलेली. मित्राच्या अंत्ययात्रेला गेलेल्या माणसाला काही दिवसांनी तोच मित्र गर्दीत चालताना दिसतो! पुढची गोष्ट त्याला या शहराने दिली. त्याच्या कानावर दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे शहराखालची भुयारी गटारं, ज्यांतून चारी विभागांत बिनबोभाट ये-जा करता येई. आणि दुसरी पेनिसिलिनचा काळा बाजार.

दिग्दर्शक कॅरोल रीडने १९४८च्या हिवाळ्याच्या तोंडावर इथेच चित्रण केलं. चित्रपटातले ढिगारे हे ढिगारेच आहेत, नेपथ्य नव्हे. कथा थोडक्यात अशी. होली मार्टिन्स हा साधासुधा अमेरिकन लेखक. शाळेतला जिवलग दोस्त हॅरी लाइम याने काम देतो म्हणून बोलावलं, म्हणून तो व्हिएन्नाला येतो, तर दोस्ताच्या अंत्यविधीलाच हजर राहायची पाळी येते. घरासमोर मोटारीखाली सापडून लाइम गेला म्हणे. दोघांनी त्याला उचलून बाजूला नेलं, असं सगळे सांगतात. इमारतीचा रखवालदार मात्र म्हणतो, की दोघं नव्हते, तिघं होते. तो तिसरा कोण? याचा शोध म्हणजे हा चित्रपट.

ते लाइमचं घर म्हणजे योसेफप्लात्स चौकातला पालाविचिनी वाडा. दाराच्या दोन्ही बाजूंना दगडी स्त्रिया डोक्यावर भार घेऊन उभ्या आहेत. चौकाच्या मध्यभागी सम्राट योसेफ दुसरा घोड्यावर बसलेला. आम्ही बराच वेळ तिथे रेंगाळलो. शेजारीच त्या प्रसिद्ध पांढऱ्या घोड्यांची शाळा असल्यामुळे सगळे पर्यटक तिकडे, आणि आमचे चिरंजीव इकडे रस्त्यावर पावलं मोजत, लाइमला मोटारीने कुठे उडवलं असेल त्याचा पंचनामा करण्यात दंग!

तिथून पाच मिनिटांवर ग्रीन उतरला होता ते हॉटेल. त्याचं नाव आपल्या कानाला 'साखर' असंच ऐकू येतं. चॉकलेटचा जगप्रसिद्ध 'साखर टोर्ट' केक याच घराण्यातला, १८३२ सालचा. साखरेच्या हॉटेलात साखरेचा केक! ह्यांना मधुमेह, त्यामुळे आम्ही दोघींतिघांत मिळून एक घेतो म्हणतात ना, तसा तिघांत मिळून एकच तुकडा घेतला. त्यातला दोन तृतीयांश कुणी खाल्ला, ते सांगायला नकोच.

हेरांचा गोतावळा

संध्याकाळी कॉफी पिताना मुलाने मला या चित्रपटाचा गोतावळा सांगितला. हेरपट आवडणाऱ्यांना तो मजेशीर वाटेल. यात सार्जंटचं काम करणारा बर्नार्ड ली पुढे जेम्स बाँडच्या चित्रपटांत बाँडचा साहेब 'एम' झाला. सहायक दिग्दर्शक गाय हॅमिल्टन याने १९६४ साली 'गोल्डफिंगर' दिग्दर्शित केला. आणि १९८७च्या 'द लिव्हिंग डेलाइट्स'मध्ये बाँडमहाराज स्वतः व्हिएन्नात येऊन त्याच आकाशपाळण्यात बसले, ज्यात हॅरी लाइम बसला होता.

सगळ्यात नवल वाटलं ते किम फिल्बीचं. हा ग्रीनचा युद्धकाळातला हेर खात्यातला वरिष्ठ. १९३४ साली तरुणपणी तो व्हिएन्नात होता आणि सरकारपासून लपणाऱ्या समाजवाद्यांना मदत करत होता. दिसायला देखणा, बोलायला गोड, मित्रांचा लाडका. आणि आतून रशियाचा हेर! १९६३ साली तो बैरूतहून पळाला आणि मॉस्कोत प्रकट झाला. लाइम रंगवताना ग्रीनच्या डोळ्यांपुढे फिल्बी असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. आणि या फिल्बीचा जन्म कुठला? आपल्या अंबाल्याचा, १९१२चा. 'किम' हे टोपणनावसुद्धा किपलिंगच्या कादंबरीतल्या हिंदुस्थानात वाढलेल्या पोरावरून पडलेलं.

दुसऱ्या दिवशी प्रेसगास्सेमधलं 'थर्ड मॅन' संग्रहालय पाहिलं. २००५ साली एका जोडप्याने हौसेने सुरू केलेलं हे खाजगी संग्रहालय. त्यात आंटोन करासचं झिथर पाहिलं. झिथर म्हणजे आपल्या स्वरमंडळाची चुलत बहीणच, आडवं ठेवून तारा छेडायच्या. करास हा मद्यगृहात झिथर वाजवून पोट भरणारा साधा वादक. कॅरोल रीडने त्याचं वादन ऐकलं आणि अख्ख्या चित्रपटाला फक्त हे एक वाद्य वापरलं. ना व्हायोलिनचा ताफा, ना ढोलनगारे. १९५० साली त्या धूनने अमेरिकेत अकरा आठवडे पहिला क्रमांक सोडला नाही. गंमत अशी, की प्रसंग भीतीचा असला तरी धून खेळकरच वाजते. जणू लाइमच कुठेतरी आडोशाला उभा राहून हसतोय.

त्या रात्री मला थंडी बाधली. घसा धरला, खोकला सुरू झाला. मुलाने औषधाच्या दुकानातून सिरपची बाटली आणली. मी ती घेतली, दिव्यासमोर उंच धरली, तिरकी केली, तळाशी काही गाळ आहे का पाहिलं, मग लेबल वाचलं. मुलगा हसायला लागला. "आई, हे व्हिएन्ना आहे! आजोबांची सवय तू काही सोडणार नाहीस."

आजोबांची सवय खरीच. पण ती त्यांना का लागली, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी तेव्हा काही बोलले नाही.

पाळण्यात

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि आम्ही प्राटरला गेलो. प्राटर म्हणजे व्हिएन्नाची बारमाही जत्रा. तिथला आकाशपाळणा 'रीझेनराड' १८९७ सालचा, वॉल्टर बॅसेट या इंग्रज इंजिनियरने सम्राट फ्रान्स योसेफच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त उभारलेला. उंची जवळजवळ पासष्ट मीटर. पूर्वी त्याला तीस डबे होते. १९४४ साली तो जळाला आणि पुन्हा उभा केला तेव्हा पंधराच डबे लावले. आपल्या जत्रेतल्या पाळण्यासारखा पोटात गोळा आणणारा नव्हे. आगगाडीच्या डब्याएवढ्या लाल खोल्या, आणि त्या इतक्या सावकाश वर जातात, की आपण हलतो आहोत हे खिडकीबाहेर पाहिल्यावरच कळतं.

चित्रपटातला सगळ्यात गाजलेला प्रसंग याच पाळण्यात घडतो. तोवर कळलेलं असतं, की लाइम मेलेला नाही. त्याच्या शवपेटीत दुसराच कुणी पुरलेला आहे. तो जो दरवाजा आम्ही पाहिला, तिथे एका मांजरामुळे तो सापडतो. मांजर काळोखातल्या कुणाच्या तरी बुटांशी घोटाळत असतं, समोरच्या खिडकीत दिवा लागतो आणि ऑर्सन वेल्सचा तो चेहरा उजळतो. चित्रपट सुरू होऊन एक तास उलटलेला असतो! त्यानंतर मार्टिन्स त्याला या पाळण्यापाशी गाठतो. डबा वर जातो, लाइम दार सरकवतो आणि खाली जत्रेत फिरणाऱ्या माणसांकडे बोट दाखवून दोस्ताला विचारतो, की त्या ठिपक्यांपैकी एखादा कायमचा हलायचा थांबला, तर तुला खरंच वाईट वाटेल का? थांबणाऱ्या प्रत्येक ठिपक्यामागे वीस हजार पौंड मिळत असतील, तर तू पैसे नको म्हणशील, की किती ठिपके परवडतील याचा हिशेब करशील?

आणि पाळणा खाली आल्यावर जाता जाता तो आणखी एक टोला मारतो. इटलीत रक्तपात होता तेव्हा तिथे लिओनार्दो झाला, आणि शांततेत राहिलेल्या स्वित्झर्लंडने काय दिलं, तर कुकू घड्याळ! हा मजकूर ग्रीनचा नव्हे, खुद्द वेल्सने घातलेला. ती घड्याळं मुळात जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टची, हे स्विस लोकांनी त्याला नंतर ऐकवलं. म्हणजे वाक्य झकास, पण माहितीच खोटी. लाइमच्या मालासारखीच!

आमचा डबा माथ्यावर आला. मुलाने खाली पाहिलं आणि नाटकी आवाजात विचारलं, "सांग आई, यातला एखादा ठिपका थांबला तर?"

तो थट्टेने म्हणाला होता. पण मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आपल्या घरातला एक थांबला होता." आणि जे त्याला आजवर सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

माझ्या वडिलांना एक धाकटी बहीण होती. माझी आत्या, पण आत्या म्हणायची वेळच आली नाही. १९४९ साल, ती सहा वर्षांची. आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शाळामास्तर. तिला ताप भरला, मान ताठ झाली. डॉक्टरांनी मेंदूज्वर सांगितला आणि म्हणाले, पेनिसिलिन मिळालं तर बघू. तेव्हा ते आपल्याकडे होत नव्हतं, बाहेरून येई तेवढंच. आजीने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. त्या मोडून आजोबा रातोरात पुण्याला गेले आणि कुणाच्या तरी ओळखीने काळ्या बाजारात कुप्या घेऊन आले. इंजेक्शनं दिली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

रिकामी कुपी बघून डॉक्टर म्हणाले होते म्हणे, की हे नक्की औषधच होतं ना? एवढा एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर कधीच मिळालं नाही. कदाचित उशीर झाला असेल. कदाचित माल खरा असूनही उपयोग झाला नसेल. आजी मात्र मरेपर्यंत म्हणायची, "पाणी टोचलं माझ्या पोरीला." आणि आजोबांनी आयुष्यभर मान खाली घातली, कारण कुप्या त्यांनी आणल्या होत्या.

वडील तेव्हा बारा वर्षांचे. पुढे पिंपरीला सरकारने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला. १९५४ साली तो स्थापन झाला आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफच्या मदतीने १९५५पासून तिथे पेनिसिलिन होऊ लागलं. वडील १९५९मध्ये तिथे लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. घरी कुठलंही औषध आलं, की ते आधी उजेडासमोर धरायचे. आम्ही हसायचो.

१९९२च्या सुमाराला मी व्हिडिओ कॅसेटवर 'द थर्ड मॅन' आणला. वडिलांना इंग्रजी चित्रपटांची आवड होती. लाइमच्या पहिल्या हास्यावर ते खूष झाले. मग तो प्रसंग आला. ब्रिटिश अधिकारी मेजर कॅलोवे मार्टिन्सला मुलांच्या इस्पितळात नेतो. इस्पितळातल्या एका माणसाला फितवून लाइमने पेनिसिलिन चोरलेलं असतं आणि भेसळ करून विकलेलं असतं. ते टोचलेली मेंदूज्वराची मुलं या वॉर्डात आहेत. कॅमेरा एकाही मुलाचा चेहरा दाखवत नाही. फक्त खाटांवर वाकलेली मोठी माणसं दिसतात, आणि एक नर्स कापसाचं अस्वल उचलून खोक्यात टाकते. वडील उठले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मी कॅसेट बंद केली. त्या रात्री त्यांनी मला आत्याची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. म्हणूनच माझा चित्रपट अर्धा राहिला.

हे सगळं ऐकेपर्यंत डबा खाली आला होता. ह्यांनी खिडकीबाहेर बघायचं सोडून दिलं होतं. मुलगा एवढंच म्हणाला, "आजोबांनी मला का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "तुझ्या खोलीत ते चित्र बघितलं असतं, तर सांगितलं असतं कदाचित."

शहराच्या पोटात

चौथ्या दिवशीचं भुयारी गटारांचं तिकीट मुलाने आधीच काढलेलं होतं. तो म्हणाला, "तुला नको असेल तर जाऊ या नको." मी म्हटलं, आता पुरतं बघूनच जाऊ.

कार्ल्सप्लात्सजवळच्या गिरार्डी पार्कमधून महानगरपालिकेचे लोक ही सहल नेतात. डोक्यावर शिरस्त्राण, त्याला दिवा. जमिनीतली लोखंडी झाकणं उघडायची आणि गोल जिन्याने खाली उतरायचं. खाली विटांच्या कमानी, मधून वाहणारं पाणी आणि भिंतींवर चित्रपटातले तुकडे दाखवायची सोय. वासाचं म्हणाल, तर ज्याने आपल्याकडचा जुलै महिना पाहिला आहे त्याला नाक दाबायची गरज नाही. ऑर्सन वेल्सने मात्र इथे उतरायला खळखळ केली होती, त्यामुळे त्याचा बराचसा भाग इंग्लंडमध्ये स्टुडिओत घेतला. शेवटी लाइम जाळीतून बोटं बाहेर काढतो, ती बोटंसुद्धा दिग्दर्शक रीडची आहेत असं सांगतात.

पण माझ्या मनात राहिली ती वेगळीच माहिती. इथली वीन नदीच्या काठची जुनी गटारं ओळखली जातात ती 'कॉलऱ्याची गटारं' म्हणून. १८३०च्या सुमाराला शहरात कॉलऱ्याची साथ आली, माणसं मेली, तेव्हा घाण पाणी नदीत जाऊ नये म्हणून ती बांधली. म्हणजे ही भुयारं एका पिढीने पुढच्या पिढ्या जगाव्यात म्हणून खणली. आणि लाइमसारख्यांनी त्यांचा उपयोग काय केला, तर मरण इकडून तिकडे न्यायला! औषधाचंही तसंच. १९२८ साली फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडलं, फ्लोरी आणि चेन यांनी ते माणसाला टोचण्याजोगं केलं, तिघांना १९४५ साली नोबेल मिळालं. त्यानंतर चारच वर्षांत त्यातल्या भेसळीवर चित्रपट काढावा लागला.

आणि हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर तसंही नाही. १९८६च्या सुरुवातीला मुंबईत जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण दगावले. औषधी ग्लिसरॉलच्या जागी कारखान्यात वापरायचं ग्लिसरॉल आलं होतं आणि त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ साली आफ्रिकेतल्या गांबियात आणि २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे लहान मुलं गेली, ती खोकल्याच्या सिरपमुळे, आणि त्यातही सापडलं ते हेच विष. यातल्या कुठल्याही प्रकरणात कुणी हॅट तिरकी करून हसणारा नव्हता. कुठे पैसे वाचवणारा होता, कुठे न तपासता सही करणारा होता. चित्रपटातला लाइम एकटा असतो. खऱ्या जगात तो पुष्कळ माणसांत थोडा थोडा वाटलेला असतो.

एकाहत्तर नंबरची ट्राम

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही एकाहत्तर नंबरच्या ट्रामने मध्यवर्ती दफनभूमीत गेलो. व्हिएन्नात कुणी गेलं, की 'एकाहत्तरने गेला' असं म्हणायची पद्धत आहे! १८७४ साली उघडलेली ही दफनभूमी म्हणजे एक शहरच. सुमारे तीस लाख माणसं इथे विसावली आहेत, जिवंत व्हिएन्नाकरांपेक्षा जास्त. बेथोव्हन, शुबर्ट, ब्राम्स, सगळे शेजारी शेजारी.

चित्रपट इथेच सुरू होतो आणि इथेच संपतो. लाइमला दुसऱ्यांदा आणि खरोखर पुरलं जातं. त्याची प्रेयसी आन्ना झाडांच्या लांबलचक रस्त्याने चालत येते. मार्टिन्स तिची वाट बघत उभा आहे. ती त्याच्याकडे ढुंकूनही न बघता निघून जाते. ग्रीनला शेवट गोड हवा होता, रीड अडून बसला, आणि रीडचंच बरोबर होतं हे पुढे ग्रीनने मोकळेपणाने मान्य केलं. मला आधी तिचा राग यायचा. असल्या माणसासाठी रडायचं? पण त्या रस्त्यावर उभं राहिल्यावर वाटलं, गोड माणसावर एकदा जीव जडला की तो असा सहजी सुटत नाही. माझ्या मुलाचंच बघा ना!

तिथे लहान मुलांसाठी वेगळा भाग आहे. भिरभिरी, फुगे, कापसाची खेळणी ठेवलेली. आम्ही बाहेरच थांबलो. मुलगा मात्र येताना दारावर घेतलेली फुलं घेऊन एकटाच आत गेला आणि थोड्या वेळाने रिकाम्या हाताने परत आला. कुठे ठेवलीस, असं आम्ही विचारलं नाही. आमच्या मुलीची समाधी काही नाही. कृष्णेच्या काठी कुठेतरी तिला ठेवलं होतं, एवढंच वडील सांगत.

परत आल्यावर मी तो चित्रपट पुरा पाहिला. चांगला आहे, तुम्हीही जरूर बघा. लाइम हसेल तेव्हा तुम्हालाही तो आवडेल. आवडू द्या. पण ते अस्वल नीट बघा.

दिवाळीत मुलाने खोलीचा फोटो पाठवला. लाइमचं चित्र त्याने काढलेलं नाही, ते भिंतीवर होतं तिथेच आहे. त्याच्या शेजारी आता दुसरा फोटो आहे, मी त्याला पाठवलेला. पिंपरीच्या कारखान्यात, पांढरा कोट घालून, एक कुपी उजेडासमोर धरून उभे असलेले त्याचे आजोबा.